सेवेलाही गुण मिळाले पाहिजेत

कवठे येमाईसारख्या गावात राहून कांद्याच्या खुरपणीला जाणाऱ्या आम्हा माणसांना अमेरिकेतल्या शिष्यवृत्तीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. परंतु आमची पुतणी पुण्यात गृहविज्ञान शिकते. सुट्टीला आली असताना तिने जी माहिती सांगितली, ती ऐकून आमच्या घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ती माहिती आपल्या माताभगिनींपर्यंत, विशेषतः अंगणवाडीत राबणाऱ्या भगिनींपर्यंत पोचावी म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत पीस कोअर नावाची सरकारी संस्था आहे. अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली ती सुरू केली. तिचे स्वयंसेवक परदेशात जातात, साधारण दोन वर्षे तिथल्या लोकांत राहतात, त्यांची भाषा शिकतात आणि शेती, शाळा, आरोग्य, लहान मुलांचा आहार अशा कामांत हातभार लावतात. पगार नाही, राहण्याखाण्यापुरता भत्ता तेवढा मिळतो. १९६१ ते १९७६ या काळात असे चार हजारांवर स्वयंसेवक आपल्या देशातही येऊन गेले. त्यांत लिलियन कार्टर नावाच्या एक आजीबाई होत्या. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या परिचारिका म्हणून मुंबईच्या विक्रोळीत आल्या आणि तिथल्या कामगार वसाहतीत त्यांनी रुग्णसेवा केली. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हे स्वयंसेवक मायदेशी परतले की तिथली अनेक विद्यापीठे त्यांना पदवीनंतरच्या शिक्षणासाठी खास शिष्यवृत्ती देतात. पोषणशास्त्र हाही त्यातला एक विषय. फीमध्ये सवलत मिळते. त्याच्या बदल्यात शिकता शिकता आपल्याच देशातल्या उपेक्षित वस्त्यांत काम करावे लागते. परक्या गावात मुलांची वजने केली, आयांना आहार समजावून सांगितला, ते दोन वर्षांचे काम तिथे फुकट गेले असे मानत नाहीत. विद्यापीठात शिरण्याची ती एक पात्रताच ठरते.

ही योजना कुठे सुरू झाली, ठाऊक आहे? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात, १९८५ साली. कोलंबियाचे नाव काढताच आमच्या घरातले सगळे सरसावून बसले. १९१३ साली बाबासाहेब तिथेच शिकायला गेले होते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंडांची. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. म्हणजे आधी शिक्षण आणि मग सेवा. पीस कोअरवाल्यांचे उलट, आधी सेवा आणि मग शिक्षण. दोन्हीकडे शिक्षण आणि सेवा एकाच दाव्याला बांधलेली आहेत.

आता आपल्या घरात बघू. आमच्या थोरल्या वहिनी गेली चौदा वर्षे अंगणवाडीत मदतनीस आहेत. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, ती पुढे गावोगाव गेली. तीत राबणाऱ्या बायांना कागदोपत्री मानसेवी म्हणतात, म्हणजे एका परीने स्वयंसेविकाच. त्यांना मिळते तेही मानधन.

वहिनी लागल्या तेव्हा काही घरची मुले त्यांच्या हातची खिचडी न खाताच उठायची. वहिनींनी भांडण केले नाही की काम सोडले नाही. पुढे त्याच घरातल्या आया बाळ कडेवर घेऊन त्यांना विचारायला येऊ लागल्या. मुलाच्या दंडाला पट्टी लावली आणि घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला, तर ते मूल धोक्यात आहे, दवाखान्यात न्यायलाच हवे, हे वहिनींना डोळे मिटून सांगता येते. पोट लहान असते म्हणून बाळाला थोडे थोडे, पण दिवसातून पाच-सहा वेळा भरवा, वरणाचे नुसते पाणी न देता घट्ट वरण द्या, वर तेलाचा थेंब सोडा, सकाळी चहा-बिस्किटावर भागवू नका, हे त्या शेताच्या बांधावर उभ्या राहून सांगतात.

वाचकहो, हे पोषणशास्त्र नाही तर काय आहे? पण या चौदा वर्षांना कोणत्या प्रवेश अर्जात रकाना आहे?

परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. आपली मुले त्यांवर शिकली, मोठी झाली, त्या टिकल्याच पाहिजेत. आमचे मागणे त्यांना जोडून आहे. गृहविज्ञान आणि पोषणशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी, मुंबई-पुण्याच्या एस.एन.डी.टी.ने, परभणीच्या कृषी विद्यापीठाने, अंगणवाडीत पाच-दहा वर्षे काढलेल्या पात्र भगिनींसाठी काही जागा आणि फीची सवलत ठेवावी. दोन वर्षांच्या सेवेला तिकडे मान असेल, तर इकडे चौदा वर्षांना का नसावा?

मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत सेविकांच्या निम्म्या रिक्त जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांतून आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या रिक्त जागा पाच वर्षांच्या सेविकांतून भराव्यात असे म्हटले आहे, मात्र शिक्षणाच्या व इतर अटी पुऱ्या हव्यात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला.

अडते ते शिक्षणापाशी. वहिनी दहावी झालेल्या. एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरला आहे, बारावीला बाहेरून बसण्यासाठी. रात्री भांडी आवरली की पुतणी त्यांना फोनवरून धडे समजावते आणि आहाराचा धडा आला की शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण हे कळेनासे होते. बारावीनंतर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पोषण व आरोग्य शिक्षणाची पदविका करण्याचा त्यांचा विचार आहे.

ज्या भगिनी या कामात आहेत, त्यांनी नेमणुकीचा आदेश, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि जिथे जिथे काम केले तिथल्या तारखा एका फाइलीत नीट लावून ठेवाव्यात. उद्या सेवेचे गुण मोजायची वेळ आली, तर पुरावा आपल्याच पेटीत असला पाहिजे. आणि घरातल्या पुरुषांनी परीक्षेच्या महिन्यात तरी संध्याकाळची चूल स्वतः पेटवावी. आमच्याकडे ती पेटते आहे. भाकरी अजून गोल होत नाही, पण खाता येते.