शिक्का वाचायचा राहिला

नोंगखायच्या पुलाजवळ इमिग्रेशनच्या खिडकीतल्या माणसानं माझा पासपोर्ट एकदा चाळला, पुन्हा चाळला, आणि मग कॅल्क्युलेटर पुढे ओढून माझ्याकडे वळवला. आकडा होता ३०००. मला वाटलं, पूल ओलांडायचा टोल असेल, आणि जरा जास्तच आहे म्हणून मी भुवया उंचावल्या. त्यानं शांतपणे सहा बोटं दाखवली. सहा दिवस. दिवसाला ५०० बाट.

ही गोष्ट १४ जुलै २०१५ ची. थायलंडच्या ईशान्येला, ज्याला तिकडे इसान म्हणतात, तिथल्या खोनकेन शहरात मी एका खासगी शाळेत गणित शिकवायला गेले होते. सांगलीतल्या क्लासमध्ये नऊ वर्षं काढल्यावर परदेशातली नोकरी म्हणजे मला आभाळ ठेंगणं झालं होतं. मुंबईहून टुरिस्ट व्हिसा घेतला होता. त्या कागदावर २१ जुलै ही तारीख छापलेली होती. तोवर देशाबाहेर जाऊन नोकरीचा व्हिसा काढायचा, एवढं डोक्यात पक्कं. म्हणून मी आठवडाभर आधीच निघाले होते, आणि स्वतःच्या शिस्तीचं मला फार कौतुक वाटत होतं.

२१ जुलै ही थायलंडमध्ये शिरायची शेवटची तारीख होती. राहायची नव्हे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायचं आमंत्रण. आत किती वेळ बसायचं, ते दारावरचा माणूस शिक्का मारून सांगतो. १० मे रोजी विमानतळावर मारलेल्या शिक्क्यात ते स्वच्छ लिहिलं होतं: ८ जुलैपर्यंत. साठ दिवस, आणि उतरलेला दिवस पहिला धरायचा. हा हिशोब पाचवीतली पोरं करतात. ‘प्रश्न नीट वाचा, काय दिलंय ते आधी लिहा,’ असं म्हणत मी वर्षानुवर्षं अर्धा-अर्धा गुण कापत आले होते.

शिक्का मी पाहिलाच नव्हता असंही नाही. पाहिला होता, वाचला नव्हता. तो ठसा तिरका आणि पुसट होता, आणि शेजारचा व्हिसा कसा छापील, चकचकीत, अख्खं पान व्यापणारा. मी चकचकीत कागदावर विश्वास ठेवला.

यातली खरी लाज वेगळीच आहे. आमच्या गल्लीतला एक मुलगा आखातात कामाला गेला होता आणि मुदत संपल्यावर राहिला म्हणून दंड भरून परत आला होता. तेव्हा मी घरात म्हटलं होतं, ‘शिकलेली नसतात ही माणसं, कागद वाचत नाहीत.’ पुलाच्या खिडकीपाशी तीन हजार बाट मोजून देताना, म्हणजे पगाराच्या आठव्या भागाला मुकताना, मला त्याचा चेहरा आठवला. पासपोर्टवर ओव्हरस्टेची नोंद झाली ती वेगळीच.

तसं त्या दिवशी सकाळपासूनच सगळं बिनसलं होतं. खोनकेनहून थेट व्हिएन्तियानला जाणारी बस आहे. मी ऐटीत तिकीट मागायला गेले, तर बाईंनी पासपोर्ट उलटसुलट करून परत दिला. लाओसचा व्हिसा आधीच हातात नसेल तर त्या बसचं तिकीट मिळत नसे, कारण सीमेवर व्हिसा काढणाऱ्या एकट्या-दुकट्या प्रवाशासाठी बस थांबवून ठेवणं त्यांना परवडत नसे. गंमत म्हणजे लाओसची उपवकिलात खोनकेनमध्येच आहे. मी राहत होते त्याच शहरात. दोन महिन्यांत कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं, आणि नव्या शिक्षक-खोलीत मला ते नको होतं. मग व्हॅननं उदोनथानी, तिथून दुसऱ्या व्हॅननं नोंगखाय, स्टँडवरून टुकटुकनं पूल.

हा पूल १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पैशातून बांधला. ११७० मीटर लांब, खाली मेकाँग. पायी जाऊ देत नाहीत, पलीकडे नेणाऱ्या बसमध्ये उभं राहायचं. थायलंडमध्ये आपल्यासारखीच गाडी डावीकडून चालते, लाओसमध्ये उजवीकडून. लाओसच्या बाजूला उतरलं की सिग्नलपाशी सगळी वाहनं एकमेकांना ओलांडून बाजू बदलतात. तेव्हा पलीकडच्या खिडकीत ४० डॉलर आणि एक फोटो दिला की लाओसचा व्हिसा मिळायचा. माझ्याकडे डॉलर नव्हते. बाटही चालायचे, पण भाव ते लावतील तो. तिथेही गेले थोडे.

दुसऱ्या दिवशी व्हिएन्तियानमध्ये थायलंडच्या वकिलातीबाहेर रांग होती. सकाळी कागद द्यायचे, दुसऱ्या दिवशी दुपारी पासपोर्ट घ्यायचा. रांगेत पाठीवर बोचकी घेतलेली गोरी पोरं, थाई बायका असलेले म्हातारे नवरे, फिलिपिन्सचे शिक्षक, आणि मी. माझ्या हातात शाळेनं दिलेला लिफाफा होता, तोंड चिकटवलेला. बंद लिफाफा दुसऱ्यासाठी असतो, आपण उघडू नये, असे आपले संस्कार. मी तो तसाच्या तसा खिडकीत सरकवला.

खिडकीतल्या बाईंनी पत्र काढलं, पासपोर्ट शेजारी धरला आणि मान हलवली. पत्रात नोकरी माझ्या वडिलांना दिली होती.

यात शाळेतल्या कारकून बाईंचा तरी काय दोष? आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. पासपोर्टात पहिली दोन एकाच ओळीत येतात. थायलंडमध्ये नाव आणि आडनाव एवढंच असतं. मधला गृहस्थ कोण, हे त्यांना कळत नाही. त्यांनी माझं नाव गाळून वडिलांचं ठेवलं होतं, पुढे आडनाव, आणि सुरुवातीला ‘श्रीमती’. वारून आठ वर्षं झालेल्या माझ्या अप्पांना इसानमध्ये गणित शिकवायची नोकरी लागली होती. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आता जे केलं ते सांगायलाच हवं, कारण बाकीच्या चुका गबाळेपणाच्या आहेत आणि ही तशी नाही. मी मोकळ्या हातानं परतायला हवं होतं, किंवा नवं पत्र मागवून थांबायला हवं होतं. रांगेतल्या कुणीतरी सुचवलं, ‘टुरिस्ट व्हिसा काढ, सगळे काढतात.’ मी नवा फॉर्म घेतला. येण्याचा हेतू या रकान्यात ‘पर्यटन’ लिहिलं. हजार बाट भरले, गुरुवारी दुपारी पासपोर्ट घेतला, आणि शुक्रवारी सकाळी नववीच्या वर्गात फळ्यावर समीकरणं लिहीत उभी होते. टुरिस्ट व्हिसावर शिकवता येत नाही हे मला माहीत होतं. मे महिन्यापासून माहीत होतं. शाळेनं ‘माइ पेन राय’, म्हणजे ‘त्यात काय एवढं’, म्हटलं आणि मी ते सोयीनं ऐकून घेतलं. पुढचे दोन महिने फाटकापाशी खाकी गणवेश दिसला की माझ्या हातातला खडू थांबायचा. तो रहदारीचा पोलीस असायचा, मुलांना रस्ता ओलांडून देणारा.

सप्टेंबरमध्ये पुन्हा तीच वाट, या वेळी उघडं पत्र, बरोबर नाव. २००० बाटमध्ये नोकरीचा व्हिसा मिळाला, नव्वद दिवसांचा. मग वर्क परमिट, मग १९०० बाट भरून खोनकेनमध्येच वर्षभराची मुदतवाढ. त्या सबंध फेरीत सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. मला वाटलं, मी आता यात तरबेज झाले.

त्या तरबेजपणाचा फटका आईला बसला.

२०१६ च्या मार्चमध्ये शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि आई सांगलीहून महिनाभरासाठी आली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आणि माझ्यासाठी नको म्हटलं तरी चकली. खोनकेनचं तळं दोन दिवसांत बघून संपलं. मी म्हटलं, ‘चल, तुला आणखी एक देश दाखवते. पूल ओलांडला की परदेश.’ या वेळी लाओसचे व्हिसा आधीच खोनकेनमध्ये काढले, ऐटीत थेट बसचं तिकीट काढलं. बाईंनी पासपोर्ट पाहून तिकीट दिलं तेव्हा मी आईकडे अशा नजरेनं पाहिलं, की बघ तुझी लेक.

व्हिएन्तियान आईला आवडलं. राजधानी असून गावासारखी, रिक्षावाला ओरडत नाही, दुपारी दुकानदार पंख्याखाली निवांत झोपलेला. पातुसाय ही विजयकमान तिनं जिना चढून पाहिली. ती बांधायला वापरलेलं सिमेंट अमेरिकेनं विमानतळासाठी दिलं होतं, म्हणून तिला ‘उभी धावपट्टी’ म्हणतात, हे सांगितल्यावर आई म्हणाली, ‘म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखंच.’ संध्याकाळी मेकाँगच्या काठावर बसलो. मार्चमध्ये नदी आटलेली, मध्ये वाळूची बेटं, पलीकडे थायलंडचे दिवे लागत होते. आईला हे काही केल्या पटेना, की आपण त्या देशातून या देशात आलो आणि मध्ये कृष्णेएवढीच नदी आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार. लॉजवर नाश्त्याला एक फिलिपिनो शिक्षिका समोर बसली होती. उदोनथानीच्या एका शाळेत शिकवायची, बोलकी. तिनं पावाचा तुकडा मोडता मोडता सहज विचारलं, ‘री-एन्ट्री परमिट एकदाचं काढलंस की अनेकदाचं?’

मी म्हटलं, ‘कसलं?’

तिनं पाव खाली ठेवला. त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

वर्षाची मुदतवाढ मिळाली तरी देशाबाहेर पाऊल ठेवलं की ती संपते. जाण्याआधी री-एन्ट्री परमिट घेतलं असेल तरच ती जिवंत राहते. एका वेळेचं १००० बाट, कितीही वेळांचं ३८००. खोनकेनच्या ज्या कार्यालयात मी मुदतवाढ घेतली, तिथेच ते मिळतं. पुलावर मला कुणी अडवलं नाही, कारण बाहेर जाणाऱ्याला अडवणं हे त्यांचं काम नव्हे. त्यांनी शिक्का मारला आणि माझे पुढचे नऊ महिने त्या शिक्क्याखाली गेले. आणि आईचा व्हिसा? तो मी स्वतः तिच्यासाठी भरलेला, एकदाच आत येण्याचा. तोही विमानतळावरच वापरून झाला होता. तिच्या परतीच्या तिकिटाला अजून सोळा दिवस होते. दोघी देशाबाहेर, आणि चावी आत.

खोलीत गेले तर आई खिडकीत बसून लसूण सोलत होती. कुठून आणला होता कोण जाणे. मी म्हटलं, ‘आई, दोन दिवस जास्त राहू या इथं. छान आहे ना?’

ती वर न बघता म्हणाली, ‘किती गेले?’

सांगितलं सगळं. जुलैचा दंडही सांगितला, जो तिला कधी सांगितला नव्हता. अप्पांना लागलेली नोकरी सांगितली. त्यावर ती खूप वेळ हसली, मग पदरानं डोळे पुसले. ‘पर्यटन’ लिहिलेलं मात्र रात्री दिवा मालवल्यावर सांगितलं.

सोमवारी आईचा अर्ज दिला. माझा देता येईना, शाळा बंद होती. त्याच कारकून बाई सुट्टीत स्कूटरवरून शाळेत गेल्या, शिपायाकडून कुलूप उघडून घेतलं, मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन प्रत्येक पानावर सही आणली, आणि एका सहकाऱ्याच्या हाती त्याच थेट बसनं कागद पाठवले. मी बसस्टँडवरच लिफाफा फोडला आणि ओळ न् ओळ वाचली. थाई भाषेतलं पत्र सहकाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. तो बिचारा उन्हात घाम पुसत वाचत होता.

सगळं मिळून सहा दिवस गेले. पैशांचा हिशोब आईनं लॉजच्या बिलामागे मांडला आणि घडी करून पाकिटात ठेवला. तो अजून तिच्याकडे आहे.

तिचा फॉर्म तिनं स्वतः भरला होता. चष्मा लावून, बोट ठेवून, प्रत्येक रकाना मला वाचायला लावून. हेतूच्या रकान्यापाशी तिनं पेन थांबवलं. ‘माझं खरंच पर्यटन आहे ना ग?’ मी हो म्हटलं. तिनं ठळक अक्षरात लिहिलं.

शुक्रवारी परत येताना पुलाच्या थायलंडकडच्या खिडकीत आधी आई गेली. शिक्का मारून पासपोर्ट तिच्या हातात आला. ती हलली नाही. पिशवी खाली ठेवली, चष्म्याची डबी काढली, चष्मा पुसला, लावला आणि पासपोर्ट उजेडात धरला. मागे मोठी रांग. खिडकीतला माणूस मला खुणेनं विचारू लागला, काय अडचण आहे? मी तिच्या खांद्याला हात लावला.

‘थांब,’ ती म्हणाली, ‘वाचू दे.’