तांबडा दिवा कां लागला नाहीं?

दुसऱ्याच्या माथीं दोष मारण्याची मनुष्यास केवढी घाई असते, हें आम्हांस एका जुन्या टेंपोनें शिकविलें. ती हकीकत सांगतांना संकोच वाटतो. परंतु ती लपविणें त्याहून वाईट.

आमच्या तीर्थरूपांचा डिझेलवर चालणारा टेंपो जुन्नरकडील भाजीपाला घेऊन माळशेज घाटानें कल्याणच्या बाजारास जात असतो. गेल्या पावसाळ्यांत तो लागोपाठ दोन दिवस सुरू होईना. बॅटरी उतरली होती. क्लीनर गाडींतच झोंपत असे. तेव्हां दिवे त्यानेंच रात्रभर चालूं ठेविले असले पाहिजेत, असा निकाल आम्ही देऊन टाकिला.

"दादा, दिवे मी बंद केले होते. उलट किल्ली फिरवल्यावर तो तांबडा दिवा लागायचा, तोच हल्ली लागत नाही," असें तो सांगूं लागला.

"दिवा लागत नाहीं, म्हणजे बिघाड नाहीं!" असें म्हणून आम्ही त्यास गप्प बसविलें. आमच्याच सांगण्यावरून त्याची एका दिवसाची मजुरी कापली गेली व नवी बॅटरी आली.

पुढें आठच दिवसांनीं, शनिवारीं रात्रीं, आम्हीही गाडीबरोबर निघालों. घाटांत दाट धुकें होतें. पुढचे दिवे मंद होत होत काजव्याएवढे झाले. एंजिन चालूं होतें, पण रस्ता दिसेना. तीर्थरूपांनीं गाडी डोंगराच्या कडेस लाविली. मागून येणाऱ्या वाहनांस सावध करण्यासाठीं तोच क्लीनर विजेरी हालवीत उजाडेपर्यंत पावसांत उभा राहिला.

सकाळीं उतारावर ढकलून गाडी सुरू केली व घाटाखालीं एका मिस्त्रीस दाखविली. त्यानें प्रथम पट्टा दाबून पाहिला, बॅटरीच्या तारा तपासल्या, मग मीटर लाविला. एंजिन चालूं असतां १४ व्होल्टच्या आसपास दाब असावयाचा, तो १२ च्याही खालीं! अल्टरनेटर खोलला, तों आंतील कार्बनचे दोन्ही ब्रश झिजून नखाएवढे उरलेले.

चुंबक व तारेचें वेटोळें यांपैकीं एक दुसऱ्यापुढें फिरलें म्हणजे वीज उपजते, हें तत्त्व फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. अल्टरनेटरच्या फिरत्या भागास चुंबकत्व येण्यास आधीं थोडी वीज द्यावी लागते. ती फिरत्या कड्यांवर टेंकलेल्या ह्या ब्रशांतून जाते. ब्रश टेंकेनासे झाले कीं वीज उपजत नाहीं, आणि बॅटरी कितीही नवी असली तरी रिकामी होते. तांबड्या दिव्याची वीजही त्याच वाटेनें जात असल्यामुळें तो लागत नव्हता. क्लीनर अक्षरशः खरें बोलला होता!

नवे ब्रश बसविले, कडीं स्वच्छ पुसलीं, आणि दाब १४ वर गेला. बॅटरीच्या मानानें हा खर्च क्षुल्लक होता. तीर्थरूपांनीं कापलेली मजुरी परत केली. आम्ही क्षमा मागितली, तेव्हां तो एवढेंच म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी आधी ऐकून घ्या."

बालमित्रहो, गाडी आतां बिनतक्रार चालते. किल्ली फिरवितांना तो तांबडा दिवा लागला, कीं आम्हांस घाटांतील ती भिजलेली मूर्ति आठवते.