म्हैसूरची येझदी आणि चामुंडीचा चढ

म्हैसूर म्हटलं की राजवाडा, दसरा, चंदनाचा साबण आणि मैसूरपाक लगेच आठवतात. पण तुमच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची जुनी येझदी उभी असेल, तर या शहराशी तुमचं आणखी एक नातं आहे. तुमच्या गाडीचं ते माहेर आहे!

म्हैसूरच्या यादवगिरी भागात 'आयडियल जावा'चा कारखाना होता. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर इथे १९६१ पासून मोटरसायकली बनू लागल्या. १९७० च्या दशकात त्यांचं नाव 'येझदी' झालं. एकच सिलेंडर, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअरसाठी एकच दांडा. तो आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना वेगळं काही सांगायला नको.

१९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तरी म्हैसूरच्या रस्त्यांवर जुन्या जावा-येझदी आजही दिसतात, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे 'जावा डे'ला, देशभरातल्या अनेक शहरांत त्यांचे मालक गाड्या घेऊन एकत्र जमतात. कारखाना नाही, मग या गाड्या चालतात कशा? याचं उत्तर इंजिनाच्या पोटात दडलंय.

चढ सगळं सांगतो

शहराला लागूनच चामुंडी टेकडी आहे. पायथ्यापासून माथा साधारण ३०० मीटर उंच. पायी जायचं तर हजार पायऱ्या, वाटेत १६५९ मध्ये कोरलेला भव्य नंदी. गाडीने जायचं तर वळणावळणाचा डांबरी रस्ता. इंजिन किती झिजलंय हे पाहायला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही, कारण सपाट रस्त्यावर थकलेलं इंजिनही वेळ मारून नेतं. चढाला मात्र ते खरं बोलतं.

चढताना कान उघडे ठेवा. थंड इंजिनात खडखड येते आणि गरम झाल्यावर कमी होते? मग पिस्टन आणि सिलेंडरमधली फट वाढलेली असू शकते. जोर लावताच खालून जड 'टकटक' येते? मग कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलं असण्याची शक्यता आहे. अशा वेळी गाडी पुढे दामटू नका. ते बेअरिंग वाटेतच तुटलं तर सगळं इंजिन घेऊन बसेल. सतत घरघर येत असेल, तर क्रँकची मुख्य बेअरिंग तपासा.

आणि धूर? टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं, त्यामुळे सकाळी थोडा निळसर धूर यायचाच. नुसता धूर पाहून इंजिन उघडायला देऊ नका. पण गाडी गरम झाल्यावरही धूर थांबत नसेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं ऑइल सील फाटलेलं असू शकतं. मग गिअरबॉक्समधलं ऑइल इंजिनात शिरून जळतं. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं, तर उलट बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो. अशा वेळी प्लगचं टोक पांढरट दिसतं. निरोगी इंजिनाचा प्लग विटकरी-तपकिरी असतो.

आधी स्वस्तातली कामं

गाडी ओढत नाही म्हणजे इंजिन संपलं, असं लगेच समजू नका. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या आणि सिलेंडरचं एक्झॉस्टचं तोंड काजळीने बुजलं, तरी गाडी अशीच दमते. ते साफ करायला फार खर्च येत नाही. पॉइंट, प्लग, कार्बोरेटरही आधी पाहून घ्या. एवढं करूनही किक हलकी लागत असेल आणि चढावर दम निघत नसेल, तर मात्र हेड आणि ब्लॉक उतरवायला हरकत नाही.

पाव मिलिमीटरचा हिशेब

आता खरा मुद्दा. येझदीच्या २५० सीसी इंजिनाचा मूळ बोअर ६५ मिलिमीटरचा. सिलेंडर झिजतो तो सगळीकडे सारखा नाही. वरच्या भागात जास्त, आणि पिस्टन ज्या बाजूंना रेटतो तिकडे जास्त. गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. मग लेथवाला ते पाव मिलिमीटरने मोठं करून पुन्हा गोल करतो आणि त्यात त्या मापाचा मोठा पिस्टन बसतो. पुढच्या वेळी आणखी पाव मिलिमीटर.

पण या पायऱ्या मोजक्याच असतात. प्रत्येक बोअरिंगला थोडं लोखंड कायमचं जातं, आणि मूळ कारखान्याचा नवा ब्लॉक मिळणं आता कठीण आहे. म्हणून मेकॅनिक पटकन 'बोअर करून टाकू' म्हणाला, तर शांतपणे सांगा, 'आधी मोजूया.' बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी माप घ्यायला लावा. माप मर्यादेत असेल तर कदाचित नुसत्या रिंगांवर भागेल. बोअर करायचंच असेल, तर आधी पिस्टन विकत घ्या, तो लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्याच पिस्टनच्या मापाने काम करून घ्या. बोअरिंगनंतर पोर्टच्या धारदार कडा हलक्या हाताने मोडायला सांगा, नाहीतर रिंग त्यात अडकून तुटू शकते.

ब्लॉक उतरलेलाच आहे, तर कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली हलवून बघा. आडवा थोडा हलला तर चालतो. वर-खाली खुळखुळला तर क्रँक उघडावाच लागेल. हे काम प्रेस आणि डायल गेज असलेल्या माणसाकडेच द्या. हातोडीने ठोकून बसवलेला क्रँक लवकरच पुन्हा आवाज करू लागतो.

मग फिरायला निघा

नव्या बोअरची गाडी लगेच चामुंडीवर नेऊ नका. आधी श्रीरंगपट्टण गाठा. जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरचा बराचसा सपाट रस्ता, कावेरीचं पात्र, रंगनाथस्वामींचं देऊळ आणि टिपू सुलतानाचा दर्या दौलत महाल. वेग सतत एकसारखा ठेवू नका, एकट्यानेच बसा, मधे थांबून इंजिन निवू द्या. असे पाचशे-हजार किलोमीटर झाले की मग चामुंडी, आणि तिथे इंजिन मोकळं चढलं तर पुढे उटी. उटीला जाताना बांदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो आणि वाटेत थांबायलाही मनाई आहे. जंगलात गाडी बंद पडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. म्हणून पूर्ण खात्री झालेलं इंजिनच तिकडे न्या.

आणि एक छोटं काम आजच करा. गाडीत सध्या कितव्या मापाचा पिस्टन आहे, बोअर कधी झालं, क्रँक कधी उघडला, हे एका वहीत लिहून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. तुमच्यानंतर ही गाडी जो चालवेल, त्याला किती पायऱ्या उरल्यात हे त्या वहीतूनच कळेल.