तेरेखोलपर्यंत

सागरी रस्त्याने निघालेल्या माणसाला नकाशातली अंतरं फारशी उपयोगी पडत नाहीत. थोडं पुढे गेलं की खाडी आडवी येते. पूल असला तर ठीक. नसला तर फेरीबोटीची वाट बघायची, नाहीतर पूर्वेकडे आत वळायचं, खाडी अरुंद होईल तिथे ती ओलांडायची आणि पुन्हा समुद्र गाठायचा. रेवसपासून रेडीपर्यंत सलग किनारी रस्ता व्हावा, ही बॅरिस्टर अंतुल्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली कल्पना. मोठ्या खाड्यांवरच्या पुलांची कामं आता कुठे मार्गी लागताहेत. आम्ही दाभोळला आणि तवसाळला गाडी बोटीत चढवूनच पलीकडे गेलो होतो. विजयदुर्ग करून देवगडला उतरलो तेव्हा सहलीचे शेवटचे दिवस उरले होते, आणि तिथेच आमचं वाजलं.

ह्यांचं म्हणणं, मालवणला किल्ला बघायचा आणि फोंडा घाट चढून घरी जायचं. माझं म्हणणं, महाराष्ट्राचा किनारा संपतो तिथपर्यंत जायचं. ह्यांनी रजेचा हिशेब मांडला, पेट्रोलचा मांडला. मी म्हटलं, "अहो, आपण दोघं मिळून शेवटचे घराबाहेर कधी झोपलो होतो, ते आधी सांगा." ते गप्प झाले. सासूबाई कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. लग्नकार्य असो, मयत असो, आमच्यातलं एकच जण जायचं, दुसरं त्यांच्यापाशी. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्यानंतर माघ महिन्यात, म्हणजे आत्ता, आम्ही पहिल्यांदा घराला बाहेरून कुलूप लावून निघालो होतो. जेवणं होईपर्यंत दोघंही त्यावर काही बोललो नाही. पानावरून उठताना हे म्हणाले, "रेडीपर्यंत जाऊ. पण उद्यापासून गाडी तू चालव, माझी कंबर धरलीय." मला हवंच होतं.

देवगडच्या कलमांना मोहोर होता, काही झाडांवर सुपारीएवढ्या कैऱ्याही लागल्या होत्या. मिठमुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वर जवळ पडतं. त्या देवळाच्या आवाराला लागूनच समुद्र आहे. महाशिवरात्रीची जत्रा तोंडावर आली होती, त्यामुळे मांडवाचे बांबू येऊन पडले होते. दर्शन घेऊन लगेच निघालो.

आचऱ्याला मात्र मी मुद्दाम थांबले. रामेश्वराच्या या गावाची गावपळण मी लहानपणापासून ऐकून होते. काही वर्षांच्या अंतराने, देवाचा कौल मिळाला की अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातं. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या आणि कुत्रीसुद्धा जातात. वेशीबाहेर झावळ्यांच्या राहुट्या पडतात, चुली मांडल्या जातात, रात्री भजनं रंगतात. गावात दिवा लावायला कुणी मागे राहत नाही. पुन्हा कौल झाल्यावरच परतायचं. देवळाबाहेर पूजेचं सामान विकणाऱ्या बाईंना मी विचारलं, घर तसं टाकून जाताना जिवाला घोर लागत नाही का? त्या म्हणाल्या, "घोर कसलो? रामेश्वर आसा मां राखणेक!" आणि मग त्यांनी मला रंगवून सांगितलं, की लेकी माहेरी येतात त्या गणपतीला आणि गावपळणीला, भाऊबंदकीत बोलणं तुटलेली माणसं तिथे शेजारी शेजारी चूल मांडतात, कारण जागा तेवढीच असते. मला ही प्रथा फार शहाणपणाची वाटते. तिच्यामागचं कारण कुणी भुताखेतांचं सांगतं, कुणी रोगराईचं. मला कारणात रस नव्हता. घर सोडून जायला देवच सांगतो, यातच माझं मन गुंतलं. हे सामानाची पिशवी गाडीत ठेवून परत आले, तरी आमच्या गप्पा चाललेल्याच होत्या.

सिंधुदुर्ग किल्ला दोघांचाही आधी पाहिलेला, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांबरोबर. तरी गेलो. 25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर या किल्ल्याच्या कामाला सुरुवात झाली. खारं पाणी चहूकडे आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवराजेश्वराच्या मंदिरात महाराजांची मूर्ती नावाड्याच्या टोपीतली आहे. हे तिच्यापुढे बराच वेळ हात जोडून उभे होते. मी त्यांना इतकं निवांत उभं राहिलेलं फार दिवसांनी पाहिलं.

मुक्कामाला देवबाग निवडलं. एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, एवढंच हे गाव. समुद्राकडे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे काळे दगड रचलेले आहेत. आमच्या घरमालकीण वहिनींनी बोटाने दाखवलं, तिथे आमचे माड होते, ते दर्यानं नेले. पावसाळ्यात उधाणाच्या रात्री इथली माणसं झोपत नाहीत. समोर खाडीपलीकडे भोगवे दिसतं. होडीने काही मिनिटांचं अंतर. गाडीने जायचं तर तारकर्ली, मालवण करून कर्लीचा पूल गाठावा लागतो, तास तरी जातो. वहिनींच्या सासऱ्यांना एका रात्री छातीत कळ आली तेव्हा मालवणपर्यंतचा रस्तासुद्धा संपता संपेना, असं त्या सांगत होत्या. मला खाडीवरची फेरीबोट आवडते. तिच्यावर उभं राहून वारा घेणं हा या प्रवासातला मला सर्वांत प्रिय भाग होता. पण पूल हवेत. माझ्या वाऱ्यासाठी कुणाच्या सासऱ्याने रात्रभर तळमळत राहावं, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागणं आहे, की पूल झाल्यावर या गावांना नुसतं मागे टाकत सुसाट जाणारी वाहतूक त्यांच्या नशिबी येऊ नये.

सकाळी रापण होती. होडी समुद्रात अर्धा वेढा घालून जाळं सोडत जाते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग दोन रांगा त्यांना लागतात. पाय वाळूत रोवून, मागे रेलून, एका ठेक्यात ओढायचं आणि ओढता ओढता दोन्ही रांगांनी एकमेकींच्या जवळ यायचं. हे आधी लांब उभे होते. एका म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली, "लावा हात, उगे कित्याक रवलास?" आम्ही दोघंही एकाच दोराला लागलो. ओला दोर तळहात सोलून काढतो. कंबरेचं दुखणं विसरून हे माझ्यापुढे ओढत होते. बराच वेळ काहीच दिसत नाही, नुसतं पाण्याचं ओझं. मग एकदम जाळं उथळ पाण्यात येतं आणि आत चांदी उसळायला लागते. पेडवे होते, थोडे बांगडे, एक-दोन मोरीची पिल्लं. बाबांच्या तोंडावर मात्र निराशा होती. "पयली रापण अख्ख्या वाडीक पुराची," ते म्हणाले.

रापणीचा हिशेब मला समजून घ्यायचा होता. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. म्हातारा असो, विधवा बाई असो, दोराला हात लागला की कालवणापुरती मासळी घरी जाते. रापणकरांचं आणि यांत्रिक नौकांचं भांडण जुनं आहे. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने 2016 साली निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 2017 साली केंद्राने बंदी घातली. तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो, असं किनाऱ्यावरची माणसं सांगतात. ज्या मासेमारीत शेवटच्या माणसाचाही वाटा काढून ठेवतात, ती टिकली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आमच्या हातावरही मूठभर पेडवे ठेवले गेले. नको म्हणून चालत नाही. वहिनींनी तिरफळं घालून त्यांचं तिखलं केलं.

त्या रात्री मला सलग झोप लागली. रात्री दोनच्या औषधाची वेळ माझ्या अंगात इतकी भिनली होती, की सासूबाई गेल्यावरही मी त्या वेळेला उठून बसायची. या प्रवासात गणपतीपुळ्यात उठले, विजयदुर्गात उठले. देवबागला जाग आली ती कोंबड्याने. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मला माहीत आहे. दोनला मी जागा होतो, तू घोरत होतीस." त्यांनाही तीच सवय लागली होती, हे मला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं. त्यांच्या आईच्या खोलीतला तो हॉस्पिटलसारखा लोखंडी पलंग अजून तसाच होता. त्याच्याबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नव्हतो, तेव्हाही बोललो नाही.

कर्लीचा पूल ओलांडून परुळ्यावरून वेंगुर्ल्याला आलो. बाजारात ओले काजूगर आले होते. ते शेकड्यावर विकतात, आणि शेकड्याचा भाव ऐकून दचकू नये. हिरवी बी कापून गर काढताना चीक उडतो, बोटांची सालं निघतात. हातांना खोबरेल तेल चोपडून बायका तासन्‌तास बसलेल्या असतात. विकणाऱ्या आजींची बोटं बघितल्यावर घासाघीस करायला माझी जीभ रेटली नाही. एक शेकडा घेतला. दुपारी खानावळीत त्यांचीच उसळ जेवलो.

मोचेमाडवरून आरवली. जयवंत दळवींचं गाव म्हणून ह्यांना तिथे जायचंच होतं. कॉलेजात असल्यापासून ते दळवी वाचत आले आहेत. वेतोबाच्या देवळात भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा रांगेने ठेवलेल्या असतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात, ही श्रद्धा. नवसाला केळीचे घड. ह्यांनी एका वहाणेचा तळ वाकून बघितला आणि काही न बोलता नमस्कार केला.

शिरोड्याला वि. स. खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत शिक्षक होते, आणि इथल्याच मिठागरांवर मे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरं अजून आहेत. उथळ वाफ्यांत पाणी कोंडलेलं, कडेला मिठाच्या राशी. मी मूठभर खडे मीठ विकत मागितलं. माणसाने पिशवीभर दिलं आणि पैसे घेईना.

रेडीचा गणपती 1976 साली खाणीजवळच्या जमिनीत सापडला. त्याचं दर्शन घेऊन पुढे गेलो की महाराष्ट्र संपतो. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडच्या, म्हणजे आपल्या तीरावर आहे, पण हद्द गोव्याची. पोर्तुगीज अमलात, 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता. तटावरून खाली नदीचं मुख आणि पलीकडे केरीची वाळू दिसते. धक्क्यावर फेरीबोट लागलेली होती, गाड्या चढत होत्या. हे म्हणाले, "जायचं पलीकडे? अर्धा दिवस आहे हातात." फोंड्यावरून परतूया म्हणणारा माणूस हे विचारत होता. मी म्हटलं, "नको. इथपर्यंतच यायचं होतं."

सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट मीच चढवला. वरच्या वळणावर चहाला थांबलो तेव्हा हे अचानक म्हणाले, "तो पलंग कुणाला तरी देऊन टाकू या." मी कप खाली ठेवला. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका काकांना अर्धांगाचा झटका आला होता आणि त्यांची सून पलंगाची चौकशी करत होती, हे मला ठाऊक होतं. सांगायचा धीर झाला नव्हता. ते आता सांगितलं. ह्यांनी टपरीवरूनच तिला फोन लावला. आजऱ्याला पोचेपर्यंत ठरलं, की रविवारी ती टेम्पो घेऊन येईल. गादी नवी घ्यायची आणि ती आम्ही द्यायची. मग गडहिंग्लजपर्यंत आम्ही रिकाम्या होणाऱ्या खोलीत काय ठेवायचं यावर बोलत राहिलो. ह्यांना पुस्तकांचं कपाट हवं होतं. मला खिडकीशी एक खाट हवी होती, पाहुण्यांसाठी. देवबागच्या वहिनींना मेमध्ये पुण्याला यायचं होतं, त्यांच्या मुलीच्या प्रवेशासाठी, आणि मी त्यांना आमच्याकडेच उतरा म्हणून सांगून आले होते.