दप्तरं खाली करा

बाबा विनाकारण शेत सोडत नसत. पेरणी, डवरणी, निंदण, मग कापसाची वेचणी. देवाला जायचं तर तेही नवस फेडायला. त्यामुळे 1986 च्या श्रावणात ते भल्या पहाटे “दप्तरं खाली करा रे” म्हणाले, तेव्हा आम्ही भावंडं बघतच राहिलो. पुस्तकं कोनाड्यात गेली. दप्तरांत आईनं ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि चादरी कोंबल्या. बाबांच्या पाठीवर घोंगडीची वळकटी. पायी माहूरला!

पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा मागे राहतो आणि डोंगर सुरू होतात. रेणुकेचा, दत्ताचा, अनसूयेचा. सागाला पांढरा फुलोरा आला होता. बाबांनी सागाचं कोवळं पान माझ्या तळहातावर चोळलं, तर हात लालभडक. धाकटीला ते रक्तच वाटलं. तिला खांद्यावर बसवून ते चढण चढले, आणि गाऊ लागले. त्यांचं गाणं आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

गडावर खलबत्त्यात विडा कुटणं चाललं होतं. हिरवागार, ओलसर तांबूल. बाबांनी आपला वाटा आईच्या हातावर ठेवला. चारचौघांत! आई बराच वेळ देवीपुढे उभी होती. रात्री एकाच घोंगडीखाली आम्ही सगळे, बाहेर मुसळधार.

त्याच वर्षी 19 मार्चला आमच्याच भागातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे बायको आणि चार लेकरांसह घरातून निघाले, आणि वर्ध्याजवळ साऱ्यांनी जीव दिला. घरात त्यावर कुणी बोलत नसे. यवतमाळचं नाव पुढे वर्षानुवर्षं अशाच बातम्यांत येत राहिलं. तो श्रावण आणि तो मार्च मी कधी एकत्र जोडले नव्हते.

2017 मध्ये अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनानं 19 मार्चला अन्नत्यागाची हाक दिली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी आपणहून म्हणाले, “त्या साली तुयी माय रातभर दाराले आडवी निजे. मंग म्हनलं, सारेच निघू, पन डोंगरावर.”

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. म्हातारपणानं, घरच्या खाटेवर, आम्ही सारे भोवती असताना. तेराव्यानंतर आईनं सांगितलं, गडावर तिनं रेणुकेकडे एकच मागितलं होतं: यांना म्हातारं होऊ दे.