आठ दिवसांचं पुस्तक

आमच्या वाड्यात विकत घेतलेली पुस्तकं अगदी मोजकी. देवघराशेजारच्या फडताळात ज्ञानेश्वरी, दासबोध, हरिविजय, पंचांग आणि कुणाच्या तरी मुंजीत आलेली 'श्यामची आई'. बाकी सगळं वाचन वाचनालयाचं. वर्गणी एक, बहुधा आजोबांच्या नावावर, आणि तिच्यावर अख्खा वाडा वाचायचा. आपल्याकडे पुस्तकं नाहीत असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

पुस्तक आठ दिवसांसाठी घरात आलं की त्याचे वाटे पडत. सकाळी आजोबा, दुपारची झाकपाक झाली की आई नि काकू, शाळा सुटली की आम्ही, रात्री वडील. ज्याची त्याची खूण ठरलेली. आईची लोकरीचा तुकडा, वडिलांची एसटीचं तिकीट, काकूची वेणीतली रिबीन. पान दुमडलं की पाठीत धपाटा. समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशी रोज विचारून जात, "झालं का गं तुमचं?" आणि परत करायच्या आदल्या रात्री पुस्तक नेऊन सकाळी वाचूनच आणून देत. 'स्वामी' किंवा 'मृत्युंजय'साठी तर मागणीवहीत नाव घालून महिनोन् महिने वाट बघायची, आणि पुस्तक हाती आलं की त्या आठवड्यात स्वयंपाकाला उशीर व्हायचा.

पुस्तक बदलायला आम्हा मुलांना पिटाळत, हातात चिठ्ठी. वर पाच-सहा नावं, खाली एक ओळ: यातले नसल्यास योगिनी जोगळेकर द्यावे, वाचलेले नको. कोणत्या घरानं काय वाचलंय हे ग्रंथपालकाकांना पाठ. शिवाय आजीची स्वतःची सोय होती. एकविसाव्या पानाच्या आकड्याखाली ती पेन्सिलीनं बारीक टिंब काढायची. तिथंच दुसऱ्या कुणा आजीची फुली असे, तिसरीचा गोल. गावातल्या कोणकोणत्या आज्या ही कादंबरी वाचून गेल्या, ते त्या एका पानावर कळायचं.

खिळखिळी झालेली पुस्तकं मे महिन्यात बांधणीला निघत. मोरचूद घातलेली खळ, मेण लावलेला दोरा, दाभण, जाड पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी. बांधणारा प्रत्येक फर्मा उलगडून, जुने दोरे कापून, नव्यानं शिवायचा. गहाळ झालेलं पान कुणी तरी दुसऱ्या प्रतीवरून सुवाच्य अक्षरात उतरवून दिलेलं असे, तेही तो जागच्या जागी चिकटवायचा. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथेचं असं हातानं लिहिलेलं पान आम्ही वाचलंय. ज्यानं ते उतरवलं त्याला पुढच्या वाचकाची किती काळजी!

वाचनालयाच्या बाहेरच्या खोलीत मुक्तद्वार. उतरत्या मेजांवर वर्तमानपत्रं, पेन्शनर, हमाल, नोकरीच्या जाहिराती वहीत उतरवून घेणारी तरुण मुलं. तिथं वर्गणी कुणी विचारत नसे. आणि दिवाळीनंतर अंकांची योजना! एकदा पैसे भरले की 'हंस', 'मोहिनी', 'आवाज', 'किर्लोस्कर' पाळीपाळीनं घरी. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. ती परंपरा घराघरात रुजली, त्यात वाचनालयांचा मोठा वाटा.

ही वाचनालयं कुणी आयती आणून दिली नव्हती. रत्नागिरीत 1828 साली, नाशकात 1840 साली, पुण्यात 1848 साली, ठाण्यात 1893 साली ती सुरू झाली, आणि गावोगावच्या माणसांनी ती वाढवली, वर्गणीनं, देणग्यांनी, आपापल्या घरची पुस्तकं देऊन. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरवल्या. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा आला तो 1967 साली. तोवर रत्नागिरीच्या वाचनालयाला जवळजवळ 140 वर्षं झाली होती! वसंत व्याख्यानमाला, नाटक मंडळ्या, साहित्य संमेलनं यांची मोठी नावं आपण घेतो. त्यांना श्रोता मिळाला तो या आठ दिवसांच्या पुस्तकांवर वाढलेला.

आजही राज्यात दहा हजारांहून जास्त शासनमान्य वाचनालयं आहेत. अ, ब, क, ड अशी त्यांची प्रत वेगळी, पण तुटपुंज्या अनुदानात ग्रंथपालाचा पगार, नवी पुस्तकं आणि विजेचं बिल भागवायची ओढाताण सगळीकडे सारखीच. आमच्या पिढीला ज्यांनी वाचतं केलं, त्या माणसांना इतक्या कमी पैशांत राबावं लागतं, हा अन्याय आहे.

तुमच्या गावातलं वाचनालय अजून उघडं असेल. या आठवड्यात जा, अनामत भरा, घरातल्या एका मुलाच्या नावावर वर्गणी सुरू करा.