मारव्यातली सम

शेजारच्या बिऱ्हाडी सायंकाळी ध्वनिमुद्रिका लागते. परंतु मधल्या भिंतीची वहिवाट अशी, की ती गवयाला अडवून धरते आणि डग्ग्याला मात्र बिनदिक्कत वाट देते. त्यामुळे स्वराचा मागमूस नसलेला एक विलंबित ठेका मी परवा बराच वेळ ऐकत राहिलो, आणि खालीच्या तीन मात्रांत डग्गा गप्प होतो त्यावरून हा १४ मात्रांचा झुमरा, अशी खातरजमाही करून घेतली. ठेका शांत, किंबहुना काहीसा सुस्तच वाटला. मग कोणीतरी गॅलरीचे दार उघडले आणि अमीर खाँसाहेबांचा मारवा आत आला. एकही मात्रा इकडची तिकडे झाली नव्हती. तरी तोच झुमरा आता विलक्षण व्याकूळ भासू लागला.

मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत ठाण मांडून बसतात, षड्ज शक्य तितका लांबणीवर पडतो. तबला आवर्तन पुरे करून समेवर येतो, पण कित्येकदा गळा त्या क्षणी धैवतावर किंवा रिषभावरच असतो. एक घरी पोचलेला, दुसरा उंबऱ्याबाहेर तिष्ठत. याच सुरांची सोहनी तार षड्जाकडे अशी झेपावते, की तिला झुमऱ्यात गाण्याचा आग्रह कोणी धरू नये.

लय तरी एकटी कुठे ऐकू येते? गोव्याचे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर यांच्याविषयी जुनी माणसे सांगत, की ते हातापायांनी निरनिराळे ताल एकाच वेळी धरीत आणि ते सारे नेमके एका समेवर आणून सोडीत. हे मनातल्या मनात करून पाहताना मला नेहमी वाटते, की माझे चित्त डाव्या हातामागे गेले असते तर उजव्याचा हिशेब तिथेच बुडाला असता; सम आली तेव्हा आश्चर्य पदरी पडले असते, पण रस्ता दिसला नसता. तो रस्ता दाखवतो लहेरा. सारंगीवर किंवा पेटीवर एका आवर्तनाची छोटीशी चाल अविरत फिरत राहते, तिच्या वळणावळणावरून कायदा कुठवर आला, तिहाई कुठून सुटली, याचा दाखला माझ्यासारख्या मात्रा न मोजणाऱ्यालाही मिळतो. एकल तबल्याच्या मैफलीत मी म्हणूनच पुष्कळदा तबलजीकडे पाठ फिरवून लहेराच ऐकतो. तो धरणाऱ्याला कोणी दाद देत नाही, आणि जाहिरातीत त्याचे नाव साथीदारांच्याही शेवटी, बारीक टायपात.